सोमवारी पाहिलेलं गाव

प्रयोगशाळेत तिला सगळे दुर्बीणबाई म्हणायचे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की शेजारी कप फुटला तरी तिची मान वळायची नाही, म्हणून पडलेलं ते नाव. रक्त, लघवी, थुंकी तपासायची सोळा वर्षांची नोकरी, आणि या सोळा वर्षांत तिच्या सहीनं बाहेर गेलेला एकही रिपोर्ट परत आला नव्हता. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी घाईघाईत निरोप धाडला की पेशंट थांबलाय, अंदाज सांगा. तिनं उलट निरोप पाठवला की एका नमुन्यावर मी निकाल देत नाही, दुसरा पाठवा. डॉक्टर चिडले, पण दुसरा नमुना आला, आणि पहिल्या बाटलीवर भलत्याच पेशंटचं नाव असल्याचं निघालं. तेव्हापासून डॉक्टर तिला पाहिलं की आधी स्वतः मान लववायचे.

घरी मात्र तिची ही बारीक नजर भाजी निवडण्यापुरतीच उपयोगी पडायची. लहानपणी वडिलांची बदली होईल तिथे राहायचं, लग्नानंतर नवऱ्याची नोकरी असेल तिथे. कुठे राहायचं हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता, आणि तिलाही तो आपल्याला विचारायचा असतो हे ठाऊक नव्हतं.

नवरा एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसरचा मेकॅनिक होता. माणूस कामाचा आणि मवाळ, आवाज कधी चढवायचा नाही. घरातला नळ गळायला लागला तर तिच्या आधी त्याला कळायचं. त्यांना दोन मुली. थोरली चौदा वर्षांची, पुस्तकात डोकं घालून बसणारी. धाकटी आठ वर्षांची, छातीनं नाजूक. हवा जरा बदलली की पहिली शिंक तिची.

एका संध्याकाळी नवऱ्यानं सांगितलं की कंपनी सगळी मोठी यंत्रं दुसऱ्या शहराबाहेर हलवतेय आणि त्यालाही पाचसहा महिन्यांत तिकडे जावं लागणार. ती चहा गाळत होती. तिनं नेहमीसारखं विचारलं, मग कुठे राहायचं ठरलंय? तेव्हा तो म्हणाला, "ते तू ठरव. आजूबाजूला तीन जागा आहेत. तुझ्याइतकं बारकाईनं कोण बघणार? तू म्हणशील तिथे जाऊ."

तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. इतकं साधं वाक्य, पण तिला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं. दुसऱ्या दिवशी तिनं प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला दोनदा सांगितलं की आमच्याकडे गाव मी निवडणार आहे. मैत्रीण म्हणाली, मग बिचाऱ्या गावांची काही धडगत नाही.

खरंच नव्हती. तिनं दोनशे पानी वही केली. तिन्ही जागांना आपल्या सोयीची नावं दिली: नदीचं गाव, टेकडी आणि नवी वसाहत. प्रत्येकीला समान पानं. पाणी किती तास येतं. शाळेच्या स्वच्छतागृहांच्या कड्या आतून लागतात का. कचरा कुठे जातो. संध्याकाळी बाया एकट्या चालताना दिसतात का, आणि दिसल्या तर भराभरा चालतात की गप्पा मारत. औषधाच्या दुकानात जाऊन विचारायचं की सगळ्यात जास्त काय खपतं. गावाची तब्येत औषधवाल्याइतकी कोणाला ठाऊक नसते. आणि सगळ्यात शेवटी तिची स्वतःची युक्ती: काचेच्या स्लाईडवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा, ती तीन तास कुठल्याशा खिडकीत ठेवायची, मग डबीत घालून परत आणायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. धाकटीच्या छातीत काय जाणार ते तिला आधी बघायचं होतं.

टेकडी पहिल्याच फेरीत बाद झाली. चढ इतका की नवऱ्याचे गुडघे अर्ध्या वाटेत बोलायला लागले. राहिल्या दोन जागा.

नदीच्या गावी ते दोनदा गेले, दोन्ही वेळा रविवारी, कारण मुलींना न्यायचं तर शाळा बुडायला नको, असं नवरा म्हणाला. दोन्ही वेळा तिथे आठवडी बाजार भरलेला. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, भोंगे, ओरडा, बसमध्ये उभं राहायलाही जागा मिळेना. धाकटीला दुसऱ्या वेळी बसमध्येच उलटी झाली. तरी तिला ते गाव आत कुठेतरी आवडलं होतं. शाळेच्या मागे मोठी झाडं होती, आणि सरकारी दवाखान्यातली प्रयोगशाळा तिनं खिडकीतून डोकावून पाहून घेतली होती. पण स्लाईडवर बाजाराची सगळी धूळ उतरली होती, आणि ती मनाला विचारून निकाल देणारी बाई नव्हती.

नव्या वसाहतीत मात्र पाच फेऱ्या झाल्या. ती प्रयोगशाळेतून रजा काढायची आणि दोघं सोमवारी जायची. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी खरं तर गुरुवारी असायची, पण हल्ली सोमवारीच मिळते, असं तो म्हणाला होता. वसाहत रुंद रस्त्यांची, शांत. झाडं नुकतीच धुतल्यासारखी. घरांच्या खिडक्या बंद, माणसं शिस्तीची वाटली. शाळेच्या मुख्याध्यापिका बोलायला गोड होत्या, धुळीचं विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे वर्ग दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसतात." तिनं लिहून घेतलं: स्वच्छता उत्तम. औषधाचं दुकान पाचही वेळा बंद होतं. पाटी लावलेली की सोमवारी दुकान बंद राहील. तिनं वहीत लिहिलं: पुन्हा विचारणे. स्लाईड तर इतकी स्वच्छ निघाली की तिनं ती मैत्रिणीला बोलावून दाखवली.

तरी मन नदीच्या गावाकडे ओढ घेत होतं. तिची आईही फोनवर म्हणायची, अगं, झाडं आहेत, माणसं आहेत, तिकडेच जा. नवऱ्याला विचारलं तर तो खांदे उडवून म्हणायचा की त्याला दोन्ही सारखीच, उलट तिला नदीचं आवडलं असेल तर तेच करू, बसनं जायला तास लागेल, बघू, जमवू. तो असं म्हणाला की तिलाच ते पटेना. रोज तासभर बस, आणि रात्रपाळीला? मग आठवडाभर तिनंच त्याला समजावलं. वही उघडून दाखवली, पानं समोरासमोर धरली, स्लाईडचा हिशेब सांगितला. आईशी तर ती चांगली भांडली. म्हणाली, तुझं आपलं झाडं दिसली की झालं, मी तपासून बघितलंय. शेवटी नवरा म्हणाला, "बरं बाई. तू म्हणतेस तर नवी वसाहत." आणि तिला आपण एक मोठी गोष्ट नीट पार पाडल्यासारखं वाटलं.

सोळा वर्षांच्या नोकरीचा राजीनामा तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. निरोपाच्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः खाली आले होते.

नव्या घरात, कंपनीच्या क्वार्टरमध्ये, सामान उतरवलं तो दिवसही सोमवारच होता. मंगळवारी सकाळी साडेसहाला जमिनीच्या पोटातून यावा तसा धडाड आवाज झाला आणि ओट्यावरच्या वाट्या किणकिणल्या. मग थांबणं नाही, एकसारखी घरघर. ती गच्चीवर धावली. वसाहतीच्या मागच्या उंचवट्यापलीकडे दगडाची खाण होती आणि खडी फोडायचा क्रशर. दर मिनिटाला तिथून पांढरट ढग उठत होता आणि वाऱ्याबरोबर सावकाश वसाहतीवर येऊन बसत होता. बंद खिडक्यांचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. शेजारीण गच्चीवर वाळत घातलेले कपडे आत घेत होती. म्हणाली, इथे धुणं सोमवारीच घालायचं, क्रशर बंद असतो आणि खाणवाल्यांचा टँकर झाडं धुऊन जातो. बाकीचे दिवस आपले असेच.

नवरा म्हणाला की बघतो, काही तात्पुरतं काम असेल. तीन आठवडे झाले. दूध झाकून ठेवा, पाणी गाळून घ्या, पुस्तकं पुसा. दुपारपर्यंत फरशीवर पावलं उमटायची. पाचव्या आठवड्यात धाकटीचा खोकला छातीत उतरला. रात्री मुलीच्या पाठीवर हात ठेवला की आतली सूं-सूं हाताला लागायची.

आणि ती स्वतःला खात होती. गाव तिनं निवडलं होतं. पाच वेळा येऊन, वही भरून, आईशी भांडून. आपल्या डोळ्यांना काय झालं होतं, हेच तिला कळेना. एक दिवस स्वयंपाक करता करता ती रडायला लागली आणि नवऱ्याची तिनं माफी मागितली. म्हणाली, माझं चुकलं, मी सगळ्यांना इथे आणून टाकलं. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं असं. मुद्दाम थोडंच केलंस? चालायचंच."

नंतर तिला बाकी सगळं समजून घेता आलं, पण खांद्यावरचा तो हात कधीच समजला नाही.

उलगडा झाला तो औषधाच्या दुकानात. ती धाकटीसाठी वाफेच्या मशीनचं औषध घ्यायला गेली होती. दुकानदार बोलघेवडा, म्हातारा गृहस्थ. काय जास्त खपतं हे आता विचारायची गरजच नव्हती. समोरच्या फळ्यांवर खोकल्याच्या बाटल्याच बाटल्या होत्या. त्यानं चिठ्ठीवरचा पत्ता वाचला आणि म्हणाला, "अच्छा, सुपरवायझरांच्या घरचे तुम्ही? अहो, मी तुमच्या मिस्टरांना तेव्हाच म्हटलं होतं की घरात लहान मूल असेल तर या बाजूचं क्वार्टर घेऊ नका."

"तेव्हा म्हणजे कधी?" तिनं विचारलं.

"एप्रिलमध्ये. क्वार्टरच्या कागदांवर सही करून आले होते, डोकं दुखतं म्हणून गोळी घ्यायला थांबले. पाच मिनिटं मी त्यांना क्रशरचंच पुराण सांगत होतो."

त्यांनी पहिलं गाव बघायला सुरुवात केली ती जुलैमध्ये.

ती औषध घेऊन घरी आली, धाकटीला वाफ दिली, तिला झोपवलं. मग कपाटातून वही काढली. प्रत्येक फेरीची तारीख तिनं नेमानं वर लिहिली होती. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर गेल्या वर्षाचं कॅलेंडर अजून यंदाच्या मागेच टांगलेलं होतं. वसाहत: पाच फेऱ्या, पाच सोमवार. नदीचं गाव: दोन फेऱ्या, दोन बाजाराचे दिवस. तिनं हे सगळं एका कोऱ्या पानावर खाली खाली लिहिलं आणि त्या पानाकडे बघत बसली. तिचे डोळे ठीक होते. स्लाईडही खरी होती. तिच्यापुढे नमुनाच ठरवून आणून ठेवला होता, आणि तो आणणारा माणूस तिच्या शेजारी बसमध्ये बसून तिला खिडकीची जागा देत होता.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा थोरली टेबलाशी अभ्यास करत होती. तिनं थोरलीला आत जायला सांगितलं नाही. तसं सुचलंच नाही. वही त्याच्यापुढे ठेवली आणि एप्रिलमध्ये सही केली होतीस का, एवढंच विचारलं.

त्यानं नाकारलं नाही. हातपाय न धुता तसाच खुर्चीवर बसला आणि हळूहळू सगळं बोलला. सुपरवायझरची जागा वर्षानुवर्षं हुकत होती. या वेळी साहेबांनी ती देऊ केली, पण अट घातली की यंत्रापासून दहा मिनिटांच्या आत राहायचं, कधी वायू गळला तर धावत येता आलं पाहिजे. दहा मिनिटांत फक्त हीच वसाहत होती. त्यानं सही केली. मग घरी कसं सांगायचं, हे त्याला सुचेना.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला. "आणि न विचारता आणलं असतं तर जन्मभर म्हणाली असतीस की माझ्यावर लादलं. मला वाटलं, तू स्वतः निवडलंस तर तुझं मन रमेल इथे."

मग ती म्हणाली, "न विचारता आणलं असतंस तरी मी आले असते. भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, पण आले असते. पहिल्या दिवसापासून खिडक्यांना जाळ्या लावून घेतल्या असत्या. मला विचारलंस कशाला?"

तो वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिला. तिनं वही ओढून घेतली.

तेवढ्यात थोरली टेबलापासून उठली. म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

मे महिन्यात बाबांच्या बॅगेत पेन शोधताना तिला क्वार्टरचा कागद मिळाला होता. बाबा म्हणाले होते, आईला सांगू नकोस, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय. पोरीनं मोठ्या आनंदानं गुपित सांभाळलं. मग आई वही घेऊन गावं बघायला लागली, रात्री जागून पानं समोरासमोर मांडायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की यात आश्चर्य वगैरे काही नाही. पण तोवर ती इतके दिवस गप्प राहिली होती की आता बोललं तर आपणही बाबांना सामील होतो असं होईल, अशी तिला भीती वाटली. ती मूग गिळून बसली. आईनं आजीशी भांडण केलं तेव्हा ती शेजारच्याच खोलीत होती.

नवऱ्यावर चिडायची तिची ताकद तोवर संपत आली होती, ती हे ऐकून परत आली. ती त्याला म्हणाली की तू माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस, ती मी पुसून घेईन. पण हिला तू सात महिने माझ्याकडे बघून खोटं जगायला लावलंस. चौदा वर्षांची आहे ती. तो रडला. तिनं त्याला रडू दिलं आणि थोरलीला जवळ घेतलं, पण तेव्हाही हात पहिल्यासारखा सहज गेला नाही, हे तिला जाणवलं आणि त्याची तिला लाज वाटली.

पुढचे दोन महिने घरात बोलणं चालायचं ते दूध, गॅस आणि धाकटीच्या औषधांचं. जुन्या प्रयोगशाळेत तिनं फोन केला. तिची जागा भरली होती. मैत्रीण फोनवर पाचसहा वेळा म्हणाली, तूच म्हणायचीस ना, नमुना कोण घेतो ते बघावं. आईला ती काही सांगू शकली नाही, कारण वसाहतीची बाजू तिनंच हिरिरीनं मांडली होती. बऱ्याच दिवसांनी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मी म्हटलं होतं, नदीचं गाव." त्या दिवसांत ती हसली असेल तर त्या एका वाक्याला.

एका बुधवारी, कोणाला न सांगता, ती एकटी नदीच्या गावी गेली. बाजार नव्हता. बस अर्धी रिकामी होती. सरकारी दवाखान्यात जाऊन तिनं सरळ विचारलं की प्रयोगशाळेत माणूस हवाय का. हवा होता. तिथल्या प्रमुख बाईंनी तिला एक स्लाईड दिली, काय दिसतं म्हणाल्या. तिनं दहा मिनिटं घेतली आणि सांगितलं. वर हेही सांगितलं की तुमच्या सूक्ष्मदर्शकाची एक काच खरवडलेली आहे. दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं.

मुलींची परीक्षा होईपर्यंत ती थांबली. मग दोन खोल्यांचं एक घर बघितलं, बुधवारी एकदा, शुक्रवारी एकदा आणि भर बाजाराच्या रविवारी एकदा. नवऱ्याला तिनं ठरल्यावर सांगितलं. तो म्हणाला, मला आधी विचारायचं तरी. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं मान खाली घातली. भांडी बांधायला मात्र त्यानं मदत केली, प्रत्येक कप कागदात गुंडाळून.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. धाकटीचं वाफेचं मशीन माळ्यावर पडलं आहे. नदीचं गाव काही स्वर्ग नाही. बाजाराच्या दिवशी घरात बोललेलं ऐकू येत नाही, मागच्या भिंतीला ओल धरते. पण हे सगळं तिला येण्याआधी माहीत होतं, त्यामुळे ती त्याची तक्रार करत नाही. लोक विचारतात, तुमचे मिस्टर कुठे असतात? नोकरीच्या गावी, असं ती सांगते, आणि ते खोटं नाही. गुरुवारी तो येतो. नळ, दिव्याची बटणं, दाराची कडी, काही ना काही दुरुस्त करतो, मुलींबरोबर जेवतो आणि शेवटच्या बसनं परत जातो. तो बदललेला आहे. कामावरचं बारीकसारीकही मोकळेपणानं सांगतो. ती ऐकते. पण तो म्हणाला की वाटेत पूल बंद होता, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या बाजूनं येणाऱ्या कोणाला तरी ती सहज विचारल्यासारखं विचारते, की पूल बंद होता का हो? पूल बंदच असतो. तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. स्वतःची ही सवय तिला आवडत नाही, आणि ती मोडतही नाही.

थोरली आता अठराची आहे. तिनं वेगळंच वळण घेतलं आहे: आईला सगळं सांगते. कॉलेजात कोण काय म्हणालं, मैत्रिणीनं कोणाला चिठ्ठी दिली, आपण वर्गात कधी डुलकी काढली, बसमध्ये कोण शेजारी बसलं. न विचारलेलं, नको असलेलं, एकेक करून, आईच्या चेहऱ्याकडे बघत. परवा ती सांगत होती की दुपारी तिनं डब्यातली भाजी खाल्लीच नाही, मैत्रिणीला दिली. आई भांडी घासत होती.

"इतकं सगळं सांगायला नको गं," ती म्हणाली.

"असू दे ना," थोरली म्हणाली, आणि पुढचं सांगायला लागली. आईनं नळ बंद केला, हात पुसले आणि ऐकत उभी राहिली.